अक्कांचा मोगरा

फोन अक्कांच्या सुनेचा होता. "मामी, आई गेल्या," एवढंच बोलली ती. मी मात्र भलतंच विचारून बसले, "मोगऱ्याला पाणी कोण घालतंय?" दीड महिना झाला, त्या प्रश्नाची लाज अजून वाटते…

अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. धुळ्याला त्यांच्या अंगणात मोगरा असा फुलायचा की गल्लीच्या तोंडाशीच घर सापडावं. फुलांबाबत त्यांच्या समजुती ढीगभर. दिवेलागणीनंतर जास्वंद तोडायची नाही, रातराणी लावली की साप येतो. "अडचणीच्या" दिवसांत मोगऱ्याला हात लावू नये, ही एक मात्र त्यांनी कधीच मानली नाही. मी जळगावच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. त्यांची थट्टा करायची एक संधी सोडत नसे.

बारा वर्षांपूर्वी मी मोगऱ्याची फांदी मागितली. अक्का चक्क नाही म्हणाल्या. "मांगेल मोगरा जगस नही वं. चोरेलच लागस. तू बठ, मी च्या ठेवस." आणि गेल्या आत. मी फणकारले. नणंदेच्या दारात मास्तरीणबाईंनी चोरी करायची? द्यायचं नव्हतं, तर सरळ सांगायचं! साध्या फांदीवरून मी मनात अढी धरली, ती धरलीच. पुढं वर्षातून एकदोनदा जायची. दर वेळी अक्का मला ओट्यावर बसवून चहा टाकायला आत जायच्या, अर्धा अर्धा तास बाहेर यायच्या नाहीत. त्यांना माझ्याजवळ बसायचंच नसतं, अशी माझी खात्री झाली. चहा प्यायचा, पदर सावरायचा, निघायचं. बोलणं असं उरलंच नव्हतं.

दहाव्याला गेले तेव्हा मोगऱ्याजवळच्या कुंडीच्या काठावर कातर दिसली. शेजारी ओलं फडकं. मी उचलून ठेवायला गेले, तर सून म्हणाली, "राहू द्या मामी. तुम्ही येणार म्हटलं की आई हे मांडून ठेवायच्या, म्हणून आज मी ठेवलं. तुम्ही गेलात की फांद्या मोजायच्या. म्हणायच्या, आज बी लई गई नही… आजही नेली नाहीच म्हणून."

मी तिथंच ओट्यावर बसले. सून आत गेली, चहा टाकायला. त्या दिवशी मी आयुष्यातली पहिली चोरी केली, रडत रडत.

फांदीला दोन पानं आलीत. चोरीचं रोप जगतं, यावर माझा आजही विश्वास नाही. पण परवा शेजारच्या बाई माझ्या जास्वंदीकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, एक फांदी द्या ना." त्यांचा चेहरा पडायच्या आत मी सगळं नीट सांगितलं. मागायची नाही, कातर तिथं आहे, मी चहा ठेवते. आणि आत येऊन अंगणाकडे पाठ करून गॅसपुढं उभी राहिले. वळून बघायचं नाही, पण कान सगळा बाहेर. दूध वर आलं, खाली बसलं, पुन्हा वर आलं. कातरीचा आवाज काही येईना. जीव नुसता टांगणीला लागला.

शेवटी आला. अक्कांना तो बारा वर्षांत एकदाही ऐकू आला नाही.