खाती का ओकती?

"खाती का ओकती?"

गाडी ऑइल फार घेते अशी तक्रार घेऊन कोणीही गेलं, की मिस्त्रींचा पहिला प्रश्न हाच. खाती म्हणजे ऑइल आत जाळते, ओकती म्हणजे बाहेर टाकते. रामराम नंतर. गिऱ्हाईक गोंधळून म्हणायचं, "आता ते तुम्हीच बघा." मग मिस्त्री खूश. आपल्याशिवाय जगाचं अडतं हे त्यांना फार आवडायचं, आणि ते लपवायची कला काही त्यांना साधली नव्हती.

तेलगावहून बीडला जाताना वडवणीच्या अलीकडे रस्त्याला लागून त्यांचं पत्र्याचं शेड होतं. त्या रस्त्याने तुम्ही गेला असाल, तर खांद्यावर फडकं टाकून, जाणाऱ्या गाड्यांच्या पाठी न्याहाळणारा एक उंच माणूस तुम्हीही पाहिला असेल. ओळखीची गाडी समोरून आली तरी हा गडी हात करायचा नाही. गाडी पुढे जाऊ द्यायची, सायलेन्सरमधून धूर येत नाही ना ते बघायचं, मग हात वर. त्यामुळे त्यांचा रामराम आम्हाला नेहमी आरशातच मिळायचा.

जेवायच्या पंगतीत तर त्यांची तऱ्हाच न्यारी. वाढपी आला की दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरून ओरडायचे, "रेघ आली! रेघ आली!" इंजिनातलं ऑइल मोजायच्या पट्टीवर 'याच्या वर नको' अशी वरची रेघ असते ना, तीच त्यांच्या पोटातही होती. माझ्या वडिलांना, आबांना, या गोष्टीचा भारी राग. आग्रह करून वाढण्यात आबांचा हात पंचक्रोशीत कोणी धरणार नाही. आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांनी मिस्त्रींच्या बोटांच्या फटीतून जिलेबी सोडली होती. मिस्त्रींनी ती उचलून आबांच्याच पानात ठेवली. तेव्हापासून दोघांत जरा अबोलाच होता.

अशात आमची गाडी ऑइल प्यायला लागली.

गाडी जुनी, पण घरात तिच्याइतकं कामाचं दुसरं कोणी नव्हतं. आईची किडनी निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला बीडला न्यावं लागे. येताना ती इतकी गळून जाई की मागच्या सीटवर आडवी व्हायची. एसटीत ते कसं जमणार? आणि गाडी निळा धूर सोडू लागली. आबा बीडच्या प्रत्येक फेरीनंतर ऑइल घालत, तरी पुरेना. बीडच्या एका गॅरेजवाल्याने सांगून टाकलं, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल. गाडी महिनाभर विसरा." गाडी विसरता आली असती, आईचं डायलिसिस कसं विसरणार? मी घाबरलो आणि आबांना न विचारता मिस्त्रींना फोन केला.

"मी येईस्तोवर चावीला हात लावू नका," ते म्हणाले.

सकाळीच आले. आबांकडे न बघता गाडीखाली वाकले. जमीन कोरडी होती. मग थंड इंजिनातून पट्टी काढली, पुसली, परत घालून काढली आणि उन्हात धरली. ऑइल वरच्या रेघेच्या कितीतरी वर होतं.

"कोन घालतंय ऑइल?"

"मी," आबा म्हणाले. "काल सांजच्याला रेघेच्या खाली गेलतं, म्हनून घातलं."

"बघितलं कधी?"

"बीडहून आल्या-आल्या. नेमानं बघतो मी."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "आबा, चालून आलेल्या गाडीचं तेल वर चढलेलं असतंय. खाली उतरायला टाईम लागतो. पाव्हना उन्हातून आला तर त्याला आधी बसू देतो न्हाई आपन? तुमी तर चपला काढायच्या आत ताट वाढलं! आन् वरून आग्रह!"

मग त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला. फिल्टर तेलाने थबथबला होता. जास्त झालेलं ऑइल इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून तिथे येत होतं आणि हवेबरोबर आत जाऊन जळत होतं. "ही बगा ओकारी. पोरगी खादाड न्हाई, जेवन जास्त झालंय तिला."

आबांचा चेहरा उतरला. "लेकरागत जपलं हो मी," एवढंच बोलले.

ओट्यावर आई बसली होती. तिच्या हातात तिचा दिवसाच्या पाण्याचा तांब्या. डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं. आबांनीच तांब्यावर लाल नेलपॉलिशने खूण केली होती आणि त्या खुणेवर एक घोटही ते चढू देत नसत. मिस्त्रींना ती खूण दिसली.

"ही रेघ कुनी वढली, माय?"

"ह्यांनीच की."

मिस्त्री पहिल्यांदा आबांकडे बघून हसले. "मंग तुमाला समदं कळतंय, आबा. फकस्त मायचा नेम गाडीला लावला न्हाई."

त्यांनी जास्तीचं ऑइल काढलं, नवा फिल्टर बसवला आणि पथ्य सांगितलं, "आवसेपत्तोर एक थेंब घालू न्हाई. तरी उतरलं तर मी चुकलो. मंग इंजिन खोलू."

तोवर आमचा जीव टांगणीला. आबा रोज सकाळी पट्टी बघत, पण हात आवरून. अमावास्येच्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. ऑइल रेघेवर जसंच्या तसं होतं. आबा तिथेच बोनेटला टेकून उभे राहिले, आणि आई ओट्यावरून म्हणाली, "चला, माझी गाडी राहिली." मला इतकं हलकं वाटलं की मी उगाचच हॉर्न वाजवला. त्या दिवशी आबा स्वतः वडवणीला गेले. जिलेबी घेऊन. मोजकीच.

आता मिस्त्री लेकाकडे पुण्याला गेलेत. शेडला कुलूप आहे. आमच्या बीडच्या फेऱ्या चालूच आहेत. शेड मागे पडलं की आडवी झालेली आई डोळे न उघडताच विचारते, "धूर हाय का रं?"

मी आरशात बघतो. हात वर केलेलं कोणी नसतं, नुसता स्वच्छ रस्ता मागे जात असतो.

"न्हाई, माय," मी सांगतो.