छावणीच्या जागेवरची विहीर

ज्या माणसानं आम्हाला ते घर विकलं त्याचं वाईट व्हावं असं मला वाटायचं, आणि हे मी कधी कुणापासून लपवलं नाही. आता म्हातारपणी लोक सांगतात, सोडून द्यावं, मनात ठेवू नये. मी सोडून दिलं नाही.

आम्ही मूळचे घाटावरचे. माझा नवरा लोहारकामात तरबेज होता. घाटातून आगगाडी सुरू झाली तेव्हा त्याला कर्जतला इंजिनांच्या दुरुस्तीचं काम मिळालं आणि आम्ही खाली उतरलो. बरोबर आमची एकुलती एक मुलगी होती. तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. सुरुवातीला आम्ही स्टेशनाजवळ एका खोलीत भाड्यानं राहिलो. मग कुणीतरी सांगितलं की खालापूरच्या वाटेवर एका गावात पाटलानं नवीन घर बांधलंय, विहिरीसकट विकायचंय.

चैत्रात आम्ही ते बघायला गेलो. पाटील स्वतः पुढे होऊन सगळं दाखवत होता. पांढरी मिशी, स्वच्छ धोतर, बोलणं गोड. घर नुकतंच सारवलेलं होतं. मागे मोठं परस होतं आणि परसात बांधीव विहीर.

"बघा बाय, चैतातबी पानी कसं हाय," तो मला म्हणाला. "गावात कुनाच्या इहिरीला इतकं पानी नाय."

पाणी होतं हे खरं. पण मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे त्या सगळ्या माळावर एकही जुनं झाड नव्हतं. आजूबाजूला डोंगरापर्यंत साग आणि ऐन दाटलेले, आणि इथं मात्र नुसतं गवत, तेही हिरवंगार. दुसरी गोष्ट अशी की आम्ही उभे होतो तेवढ्यात गावातल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन विहिरीवरून पुढे गेल्या, खाली नदीकडे. एकीनंही विहिरीकडे मान वळवली नाही. विहिरीच्या काठाला दोर घासल्याची ताजी खूण नव्हती. दगडावर शेवाळ वाळून बसलं होतं.

"ह्या बायका इथलं पाणी का भरत नाहीत?" मी विचारलं.

"त्यान्ला नदीची सवय," पाटील म्हणाला. "चार बाया भेटतात, गप्पा व्हतात. तुमाला ठाव हायच की बायकांचं."

नवरा हसला. मीही हसले. शेजारी एक म्हातारी सुपात भात पाखडत बसली होती. मी तिला विचारलं, "आजी, शेजार कसा आहे?" तिनं पाटलाकडे पाहिलं, मग सुपाकडे. "बरा हाय," एवढंच म्हणाली.

आम्ही घर घेतलं.

आषाढात परसातली जमीन खचायला लागली. पावसानं माती बसते, हे मला माहीत होतं. पण इथं खड्डे पडले ते सारखे, एकाशेजारी एक, माणूस आडवा मावेल एवढ्या लांबीचे. नवऱ्यानं घमेल्यानं माती आणून ते बुजवले. पुन्हा पाऊस झाला, पुन्हा खचले. पाणी त्यांत साचायचं आणि झिरपून जायचं. कुठं जात होतं, हे आम्ही कुणी मनावर घेतलं नाही.

श्रावणात मुलीला पटकी झाली. सकाळी ती पायरीवर बसून आघाड्याच्या काडीनं चिखलात रेघा मारत होती. दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. पाणी पाणी करत होती, आणि मी तिला पाणी पाजत होते. त्याच विहिरीचं. मागेल तितकं पाजलं. दिवे लागायच्या वेळी ती गेली. मग मी पडले, मग नवरा. आम्ही दोघं वाचलो.

मी उठून बसायला लागले तेव्हा शेजारची म्हातारी पेज घेऊन आली. ती उंबऱ्याबाहेरच बसली आणि रडायला लागली.

"घाटाचं काम चाललं व्हतं ना गं बाय, तवा हितं छावनी व्हती," ती म्हणाली. "लांबलांबचे मजूर आले व्हते. पटकी आली नि मानसं मेली. जालायला सुकं लाकूड पुरंना, मग हितंच पुरली. ती इहीर छावनीचीच. आमी तिला हात लावत नाय."

"पाटलाला हे माहीत होतं?"

"त्यानंच पुरायला मानसं लावली व्हती."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही बरा आहे म्हणालात."

"आमी त्याची शेती करतो गं. तोंड कसं उघडनार?"

मी तिची पेज प्यायले नाही. पण मला खरा राग आला तो तिच्यावर नव्हे.

पायात बळ आल्यावर मी पाटलाच्या ओसरीवर गेले. नवरा नको म्हणत होता. पाटील सुपारी कातरत बसला होता. मी सगळं बोलले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाला, "पटकी देवाची. मी काय करनार? आनि बाय, मी काय तुमाला अंधारात घर दिलं? भर उन्हात दाखवलं. तुमी डोल्यानं बघून घेतलंत."

ते वाक्य मी घरी घेऊन आले. मुलीच्या आठवणीइतकंच ते माझ्याजवळ राहिलं. त्याच वेळी मी ठरवलं, की आता मी लोकांना बघायला शिकवीन.

आम्ही ते घर टाकून पुन्हा स्टेशनाजवळच्या खोलीत गेलो. घर ओस पडलं, आणि पाटलानं ते परत आपल्याच ताब्यात घेतलं. पण छावणीचा माळ मोठा होता, सगळा पाटलाचा. आगगाडीमुळे नवीन माणसं येत होती, जागा शोधत होती, आणि पाटील त्यांना चैत्रात नाहीतर वैशाखात घेऊन जाई. शेजारची म्हातारी आता मला निरोप धाडायची. तिला मी तेवढंच काम दिलं होतं आणि ती ते इमानानं करत होती. निरोप आला की मी डोक्यावर पदर घेऊन त्या माळाच्या कडेला जाऊन उभी राहायची.

मी पाटलाला शिव्या दिल्या नाहीत. बघायला आलेल्यांना फक्त म्हणायची, "भाऊ, श्रावणात या नि मग बघा. परसात कुठं खचतंय ते बघा. गावच्या बाया कुठलं पाणी भरतात ते बघा. या विहिरीवर तुम्ही का जात नाही, हे शेजाऱ्यांना विचारा. शेजारी पाटलाकडे बघून उत्तर देतात की तुमच्याकडे बघून, तेही ध्यानात घ्या." माणसं चपापायची. काही मला वेडी समजायची, पण वेडीचं ऐकून का होईना, परत जायची. पाटलाचा चेहरा उतरायचा. तो चेहरा बघायला मी कर्जतहून उन्हातान्हात चालत जात असे. त्यात लोकांचं भलं होत होतं, ते होवो. मी त्यासाठी जात नव्हते.

एकदा कळंबचा एक तांदळाचा व्यापारी आला. त्याला घरासकट सगळा माळच हवा होता, वखार बांधायला. पाटलानं मोठा थाट केला होता, गावातली चार जाणती माणसं बोलावली होती. मी गेले.

"ही आली बघा," पाटील हसून म्हणाला. "हिची पोर गेली, तवापासून डोकं फिरलंय."

मी त्या व्यापाऱ्याला म्हणाले, "शेटजी, मी काही बोलत नाही. पाटलांना या विहिरीचं पाणी तेवढं प्यायला सांगा."

"तुज्या हातचं मी पिनार नाय," पाटील म्हणाला.

"माझ्या हातचं नकोच. तुमचा गडी उभा आहे, तुमचाच तांब्या आहे. त्याला शेंदू द्या."

व्यापारी म्हणाला, "काय हरकत हाय, पाटील? घोटभर प्या. मलाबी बरं वाटंल."

गड्यानं पाणी शेंदलं. तांब्या पाटलाच्या हातात आला. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. सगळे बघत होते. पाटलानं तांब्या ओठांपर्यंत नेला. त्याच्या मिशा ओल्या झाल्या. मग त्यानं तांब्या खाली घेतला आणि म्हणाला, "आज माजा उपास हाय."

जाणत्यांपैकी एकजण हसला. मग दुसरा. व्यापाऱ्यानं छत्री उचलली आणि तो बैलगाडीकडे चालू लागला. पाटील तांब्या घेऊन तिथंच उभा होता. त्यानंतर तालुक्यात कुठंही त्याच्या जागेचं नाव निघालं की लोक म्हणत, "पाटलाचा उपास सुटला का?"

माझा नवरा भला माणूस. तो म्हणाला, "तुला काय मिळालं यातून? पोर तर परत येत नाही."

"नाही येत," मी म्हणाले. "पण त्याला रात्री झोप येते का, ते बघायचंय मला."

पुढच्या फाल्गुनात पाटील स्वतः आमच्या खोलीवर आला. दारात उभा राहिला, आत या म्हणून मी म्हटलं नाही. खंगला होता. "बाय, आता पुरं कर," तो म्हणाला. "सूनबी इचारती, आपल्या घरचं पानी बरं हाय ना? माज्याच घरात मला लोक इचारतात."

"विहीर बुजवा," मी म्हणाले. "दिवसाउजेडी, सगळ्या गावासमोर. आणि का बुजवताय ते तुमच्या तोंडानं सांगा."

"बुजवतो. बोलनार नाय."

तो बुजवायला तयार झाला, तेवढंही मी घेतलं. ठरल्या दिवशी सगळा गाव माळावर जमला. गडी दगडांच्या पाट्या रिकाम्या करत होते, खालून पाण्याचा आवाज येत होता, मग तोही येईनासा झाला. पाटील खाली मान घालून उभा होता आणि एक अक्षर बोलला नाही. मग मी पुढे झाले. इथं छावणी होती, इथं माणसं पुरली, हे ठाऊक असून यानं आम्हाला घर विकलं, आणि या पाण्यानं माझी मुलगी गेली, असं मी मोठ्यानं सांगितलं. तिचं नाव घेतलं. ते इथं सांगत नाही. त्या दिवशी ते त्याच्या कानांवर पडायचं होतं, तिथं पडलं. त्यानं कानावर हात नेला, पण ठेवला नाही. गावासमोर तसं करता येत नव्हतं.

शेवटची पाटी पडेपर्यंत मी हलले नाही. मग घरी आले, तांदूळ शिजत ठेवला, सुकटीचं कालवण केलं. मुलगी गेल्यापासून मला घास गोड लागत नव्हता. त्या दिवशी मी पोटभर जेवले, आणि नवऱ्यानं वाढायचं थांबवलं तरी पुन्हा मागून घेतलं.