कोपरापर्यंत हात

नाना गेल्याचा फोन धुळ्याहून शेजारच्या दुकानात आला, तेव्हा मी असोद्याला केळीच्या बागेत होतो. नाना म्हणजे माझे साडू. धुळ्याच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची पारख करण्यात त्यांचा जन्म गेला. गाडी आली की ते उजवी बाही दंडापर्यंत दुमडायचे आणि ढिगात कोपरापर्यंत हात घालून आतला कापूस ओढून काढायचे. एकदा माझ्याच गाडीतल्या वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाखालून त्यांनी ओलसर, पिवळट मूठ काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "साडूभाऊ, वर नवरी दखाडी, मझार सासू बसाडी!" हमाल हसले. मीही हसलो...

तेराव्याला नानांच्या बहिणीने त्यांच्या बायकोला, अक्काला, चारचौघांत सुनावलं, "तू घाबरनी, म्हणीसन मुंबईनी तपासणी राहिनी." अक्का मान खाली घालून बसली. मी तिथेच होतो आणि गप्प राहिलो. म्हणून हे लिहितो आहे.

हार्ट अटॅक आल्यावर नानांना अक्काने आणि मी मुंबईला नेलं होतं. डॉक्टरांनी तुंबलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडली, आत जाळीची स्प्रिंग बसवली आणि बाहेर येऊन म्हणाले, "फिल्मवर ठीक दिसतंय. पण फिल्मवर रक्ताची वाट दिसते, भिंत दिसत नाही. एका जागी मला शंका आहे. बारीक नळी नेऊन आतूनच सोनोग्राफी केली, तर स्प्रिंग भिंतीला नीट टेकली का ते कळेल. थोडा धोका आहे."

अक्का लगेच म्हणाली, "पाहू द्या ना भाऊ. ह्या त कापूस बी वरवर पाहतस नही."

मी तिला हाताने थांबवलं. "चित्र चांगलं आलंय ना, डॉक्टर? मग काळजात आणखी नळी नको." वडीलधारा म्हणून माझाच शब्द चालला. घाबरलो होतो तो मी.

धुळ्याला परतल्यावर थोड्याच दिवसांत नाना गेले. बहुधा त्याच जागी गुठळी झाली, असं डॉक्टरांचं म्हणणं. आतून पाहिलं असतं तर वाचलेच असते का, हे त्यांनाही सांगता आलं नाही. ते कोणालाच कळणार नाही, आणि तेच मला झोपू देत नाही...

गेल्या आठवड्यात धुळ्याला जाऊन अक्काला सांगितलं, खरं काय ते पेपरात लिहितो. ती म्हणाली, "भाऊ, हाई तेराव्याले का बरं बोलनात नही?"

समोर खुंटीला नानांचा सदरा होता, उजवी बाही अजून दंडापर्यंत दुमडलेली.