ढगातला आंब्याचा हंगाम

श्यामसुंदर पाटणकरांचं टेबल खिडकीला पाठ करून मांडलेलं होतं, पण त्यांनी खुर्ची कधी टेबलाशी सरळ ठेवली नाही. ती जराशी तिरकी असे. तशी असली की डाव्या डोळ्याच्या कडेला पारसिकची टेकडी आणि तिच्यावर रेललेले ढग दिसत राहत. समोर आकडे आणि बाजूला ढग, अशी त्यांची नोकरी चालली होती आणि ती त्यांना मानवली होती.

माणूस मूळचा गुहागरकडचा, बी.कॉम. होऊन इकडे आलेला. शहाजीशेठनी तुर्भ्याला फळं ठेवायची पहिली थंड खोली बांधली, तेव्हा पाटणकर त्यांच्याकडे हिशेबाला लागले. आता तुर्भे आणि तळोजा मिळून शीतगृहांची रांगच उभी होती, ऑफिस बेलापूरला आलं होतं आणि हिशेब नव्या मुलांकडे गेला होता. फेब्रुवारीत पाटणकर निवृत्त होणार होते. अशा माणसाला शेवटच्या वर्षी कोणतं काम द्यावं, हा प्रत्येक ऑफिसपुढचा प्रश्न असतो. पाटणकरांना ढगाचं बिल मिळालं.

ढग म्हणजे क्लाउड. कंपनीचे स्वतःचे मोठे संगणक नव्हते. कोणत्या खोलीत किती थंडी आहे, कोणाच्या पेट्या कुठे ठेवल्यात, गाडी कुठवर आली, ही सगळी माहिती दूर कुठेतरी असलेल्या भाड्याच्या यंत्रांवर राहत असे. यंत्र चालू असेल तोवर त्याचं भाडं पडायचं, रिक्षाच्या मीटरसारखं. आत कोणी बसलेलं असो वा नसो. ते बिल गेली काही वर्षं फुगत चाललं होतं आणि का फुगतंय हे धड कोणाला सांगता येत नव्हतं.

म्हणून कंपनीने एक सॉफ्टवेअर घेतलं आणि ते चालवायला एका वर्षाच्या करारावर ईश्वरी आली. वडील वाशीच्या बाजारात माथाडी, गाव वाईजवळ. घरातली पहिली इंजिनियर. बोलायला तिखट, पण पाटणकरांना शिकवताना तिने कधी उसासा सोडला नाही.

"काका, हा प्रत्येक चौकोन म्हणजे एक यंत्र," तिने पहिल्याच दिवशी पडद्यावर दाखवलं होतं. "हिरवं म्हणजे कामात आहे. राखाडी म्हणजे नुसतं बसून भाडं खातंय. खाली मालकाचं नाव. कोणत्या विभागाने घेतलंय ते."

"आणि ज्यांच्या खाली नाव नाही?"

"ते अनाथ."

तो शब्द पाटणकरांच्या मनातून गेला नाही. संध्याकाळी सीवूड्सला घराकडे चालताना समोरच्या टॉवरच्या खिडक्या उजळू लागत आणि त्यांना ते चौकोन आठवत. कुठेतरी एका परक्या गावात थंड, निर्मनुष्य दालनात आपल्या कंपनीची यंत्रं जागी बसली आहेत. कोणी हाक मारेल म्हणून कान देऊन आहेत. हाक मारणारा माणूस नोकरी सोडून कधीच निघून गेलाय, आणि ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

हे त्यांनी घरी पत्नीला, अरुणाताईंना, सांगितलं. त्यांनी भाजी ढवळताना मान न वळवता ऐकून घेतलं.

"घरातला गीझर बंद करायचा लक्षात राहत नाही," त्या म्हणाल्या, "आणि हे निघालेत ढगातले दिवे मालवायला."

गणपती झाल्यावर केयूर प्रधानांनी दोघांना बोलावलं. तंत्रज्ञान विभाग त्यांच्याकडे होता. सभ्य माणूस, पण पूर्वीच्या नोकरीत कोणीतरी चुकीचं यंत्र बंद केल्यामुळे हात पोळलेला.

"दिवाळीपर्यंत बिल उतरलेलं दिसलं नाही, तर हे सॉफ्टवेअर पुढे चालू ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "आणि सॉफ्टवेअर नाही म्हटल्यावर..." त्यांनी ईश्वरीकडे बघायचं टाळलं. "करार वाढवायला मला कारण दाखवावं लागेल, पाटणकर सर."

"राखाडी यंत्रं बंद करू द्या. आज उतरेल बिल," ईश्वरी म्हणाली.

"मालक कोण ते कळल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही."

पेच तिथेच होता. ईश्वरीने सगळ्यांना ईमेल पाठवले. ज्यांनी उत्तर दिलं त्यांनी 'आमचं नाही' एवढंच कळवलं. पण 'आमचं नाही' म्हणणाऱ्यांतला एकही 'मग बंद करा' म्हणायला तयार नव्हता. दुसऱ्याच्या दारातला नळ वाहताना सगळ्यांना दिसतो. बंद करायला कोणी वाकत नाही.

ईश्वरी चेष्टा करेनाशी झाली. डबा खाताना ती एकदा सहज बोलावं तसं बोलली, "बाबांनी बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी परमनंट होणार म्हणून. आता हमालांच्या टोळीत मला सगळे 'कंप्युटरवाल्या बाई' म्हणतात. ते नाव त्यांना बदलायला लागू नये, असं वाटतं हो."

पाटणकरांनी डबा बंद केला आणि खिडकीबाहेर पाहिलं. नवरात्र बसलं होतं. खाली रस्त्याच्या कडेला झेंडूच्या राशी येऊ लागल्या होत्या. ऑक्टोबरचं पांढरं ऊन टेकडीवर पसरलं होतं आणि एक लहानसा ढग सकाळपासून जागचा हलला नव्हता. त्याच्याकडे बघता बघता त्यांना तुर्भ्याची पहिली खोली आठवली. खंडेनवमीला शहाजीशेठ वजनकाटा, हातगाड्या, टेम्पो सगळं धुऊन घ्यायचे, पूजा करायचे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत कशालाही हात लावू द्यायचे नाहीत. माल भरलेल्या खोल्यांची थंडी सोडून बाकी सगळ्याला विश्रांती. तो नियम कंपनी एवढी वाढली तरी मोडला नव्हता.

ते उठले आणि शेठच्या केबिनमध्ये गेले.

"शेठ, यंदा खंडेनवमीला ढगातली यंत्रंपण घ्यावीत म्हणतो."

शहाजीशेठ साताऱ्याकडचे. वय झालं तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. "ढगातली? आवो पाटणकर, हळदकुकू घिऊन इमानात बसताय का काय?"

पाटणकरांनी सगळं समजावलं. ज्यांना धनी नाही, काम नाही, तेवढ्याच यंत्रांना एक दिवस विश्रांती द्यायची. काही पुसायचं नाही. कोणी हाक मारली तर तिथल्या तिथे उठवायचं.

शेठ थोडा वेळ टेबलावरची काच बोटाने पुसत राहिले. "मोटार पुजतो, काटा पुजतो. आन ज्येचं भाडं सगळ्यात जास्त, त्येला इस्रांती न्हाय, हे काय बरं दिसत न्हाय. करा. केयूरला म्या सांगतो."

केयूर प्रधानांना हसावं की रागवावं कळेना. पण शेठचा नियम होता, आणि खरं सांगायचं तर एका दिवसाच्या विश्रांतीला नाही म्हणण्यासारखं कारणही त्यांच्याजवळ नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी ऑफिसात पूजा झाली. ईश्वरीने आपला पडदा स्वच्छ पुसला आणि कीबोर्डवर झेंडूचं फूल ठेवलं.

"काका, कुंकू कडेला लावा. मध्ये लावलंत तर नेमकं हिरव्या यंत्राला लागायचं."

पाटणकरांनी पडद्याच्या काठाला हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. ईश्वरीने एकेक राखाडी चौकोन निवडला आणि थांबवला. चौकोन मालवत गेले. पाटणकरांना वाटलं, त्या लांबच्या दालनात कोणीतरी हलक्या पावलांनी फिरतंय, एकेकाच्या अंगावर पांघरूण घालतंय. नीज बाबा. कोणी येणार नाहीये आज.

प्रसादाचे पेढे खाऊन दोघं परत आले, तर पडद्यावर मालवलेल्या चौकोनांच्या शेजारी जवळजवळ तितकेच नवे चौकोन उगवलेले होते. नवे कोरे, आणि लगेच राखाडी.

ईश्वरी खुर्चीत बसलीच. "हे कोणी चालू केलं? मी तर..." तिचा चेहरा उतरला होता. तिने नवे थांबवले. डोळ्यांदेखत पुन्हा तितकेच उभे राहिले.

"रक्तबीज," पाटणकर हळूच म्हणाले.

"काय?"

"देवीच्या गोष्टीतला गं. रक्ताचा थेंब पडला की तिथे नवा राक्षस. त्याला मारून भागत नव्हतं. थेंब जमिनीवर पडूच द्यायचा नाही, तेव्हा तो संपला. यांना मारू नकोस. थेंब कुठे पडतोय ते बघ."

ईश्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. मग वळली आणि शोधू लागली. बराच वेळ तिची बोटं तेवढी वाजत होती. पाटणकर टेकडीवरच्या ढगाकडे बघत बसले.

"सापडला," ती म्हणाली. आवाजात हसू होतं. "नियम लावून ठेवलाय कोणीतरी. एक यंत्र पडलं तर दुसरं आपोआप उभं करायचं, संख्या कमी होऊ द्यायची नाही. आणि नियमाचं नाव काय ठेवलंय, सांगा."

"काय?"

"'आंबा'."

पाटणकरांना उलगडलं. आंब्याच्या दिवसांत कोकणातून गाड्यांवर गाड्या येतात, पेट्यांची नोंद थांबून चालत नाही. एका वर्षी कोणीतरी त्या गर्दीसाठी जास्तीची यंत्रं घेतली, नियम लावला आणि हंगाम संपल्यावर तो काढायचा विसरून दुसरीकडे नोकरीला निघून गेला. खाली पाऊस येऊन गेले, दिवाळ्या झाल्या. वर ढगात मात्र वैशाख तसाच थांबून राहिला होता. यंत्रं दारं उघडी ठेवून बसली होती, रत्नागिरीची गाडी आत्ता येईल म्हणून. पेट्यांतल्या पेंढ्याचा वास त्यांना येत असेल का, असा वेडा विचार पाटणकरांच्या मनात आला. एवढा लांबलेला हंगाम त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. तो संपवायचा म्हणताना त्यांना जरा वाईटच वाटलं.

"थांबव," ते म्हणाले.

ईश्वरीने नियम थांबवला. चौकोन मालवले आणि या वेळी मालवलेलेच राहिले.

मग दोघं हाक येण्याची वाट बघू लागली. फोन वाजला की ईश्वरी दचकायची. एकदा कुरियरवाला होता, एकदा अरुणाताई होत्या. केयूर प्रधान दोनदा येऊन दारातूनच बघून गेले. जेवणं झाली. उन्हं कलली. आणि मग तळोज्याहून फोन आला.

"साहेब, देवजी बोलतंय." देवजी तिकडच्या फुलांच्या खोल्यांवर होते, पेंधरकडचे. "आमचा पडदा काला झालाय. झेंडूचे खोलीन किती थंडी हाय ता दिसत नाय. कोनी बंद केला?"

ईश्वरीचा चेहरा पांढरा पडला. थंडी चालूच होती, फक्त ती दाखवणारा पडदा गेला होता. पण उद्या दसरा, खोली झेंडूने भरलेली.

"देवजीभाऊ, फोन ठेवू नका. पडदा येतोय बघा," पाटणकर म्हणाले. ईश्वरीने फार शोधलं नाही. एका पडद्यापुरतंच काम करणारं यंत्र त्या रांगेत एकच होतं; काम इतकं थोडं, की तेही राखाडीच दिसत आलं होतं. थोड्याच वेळात पलीकडून आवाज आला, "आला. आला, साहेब."

"देवजीभाऊ, आम्ही सगळ्यांना विचारलं होतं. तुम्ही कळवलं नाहीत?"

"कवा विचारलाव?"

"ईमेलवर."

"मना ईमेल कोनी दिलाय?" देवजी शांतपणे म्हणाले. "फोन करायचा ना."

ईश्वरीने कपाळावर हात मारला आणि मग हसत सुटली. तिने त्या यंत्राखाली लगेच नाव घातलं: देवजी, तळोजा. एका अनाथाला धनी मिळाला. त्यानंतर ज्यांच्याकडे ईमेल नव्हते अशा प्रत्येकाला पाटणकरांनी स्वतः फोन लावले. कोणाचीच कसली तक्रार नव्हती.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं, तरी बाकी यंत्रांची कोणाला आठवण झाली नव्हती. आठवडा गेला, तरी नाही. मग केयूर प्रधानांनी स्वतःच सांगितलं, "आता कायमची बंद करा." पडद्यावरची बिलाची रेघ, जी कधीपासून टेकडीसारखी चढत होती, ती खाली येऊन तळ्याच्या पाण्यासारखी सपाट झाली.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ईश्वरी खुर्ची ओढून पाटणकरांजवळ बसली.

"काका, तो आंब्याचा नियम मी पुसला नाहीये. हंगामात लागेलच. फक्त त्याला तारखा घालायच्यात. आंबा कधी सुरू होतो, कधी संपतो?"

"सुरू होतो मार्चात. आणि मृग लागला की संपला. नंतरचा आंबा आम्ही देवाला दाखवत नाही."

तिने लिहून घेतलं. "पण तारखांवर सोडून चालायचं नाही. कोणीतरी बघायला हवं, उठला का, झोपला का."

पाटणकर खिडकीकडे वळले. टेकडीवर आज एकही ढग नव्हता. "मी फेब्रुवारीत चाललो," ते म्हणाले. "मार्चात त्याला कोण उठवणार?"

ईश्वरीने उत्तर द्यायच्या आधी पर्समधून पेढ्यांचा पुडा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"मी आहे ना," ती म्हणाली. "सकाळीच सांगितलं प्रधान सरांनी. तुम्ही फक्त गावाहून तुमच्या घरी पहिली पेटी आली की फोन करा."