वाळूच नाही, रापण ओढणार कुठे?

मंडळी, आज सकाळी आमच्या वाडीची रापण फाटली. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून सगळ्यांनी मिळून ओढायचं जाळं. दोराला ज्याचा हात लागला त्याला मासळीचा वाटा, मग तो कुणीही असो.

घरं वाचावीत म्हणून आम्हीच सरकारशी भांडून दगडी बंधारा घालून घेतला. लाटा त्यावर आपटून पुढची सगळी वाळू घेऊन गेल्या. आज बंधाऱ्यावर चढून दोर ओढला, तर जाळं दगडांत अडकून टराटरा फाटलं.

वाट्यासाठी टोपली घेऊन आलेल्या शेजारच्या काकी म्हणाल्या, "घरां वाचली रे, पण चुलीवर ठेवायचा काय?"

पलीकडच्या वाडीत वाळू अजून आहे, पण समुद्र दारात आलाय. बंधारा मागायला सोबत चला, म्हणून तिथले लोक दुपारी आले होते.

काय सांगू त्यांना?