अडुसष्ट नंबर

शांतादेवीला वायरलेस कसा चालतो ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. पण घरातला तो हिरवट पत्र्याचा डबा बंद पडला की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. डबा म्हणजे साखर कारखान्याचा जुना सेट. कारखान्याने नवे घेतले तेव्हा तिच्या नवऱ्याने, श्रीशैलअप्पांनी, तो भंगारातून उचलून आणला. अप्पा तिथेच वायरलेसवर नोकरीला होते. आता छातीचं दुखणं इतकं वाढलं होतं की खाटेवरून न्हाणीपर्यंत जायचं तरी धाप लागायची. या सेटवर बोलता येत नसे, नुसतं ऐकायचं.

ऐकायचं तरी काय? तर उसाचे ट्रॅक्टर. कोणता नंबर शेतातून निघाला, कोणता कारखान्याच्या वजनकाट्यावर पोचला. थोरला शिवशरण उसाची ट्रॉली पलटून खाली सापडून गेला, तेव्हा घरी निरोप आला दुसऱ्या दिवशी. तोवर ही माउली त्याच्यासाठी भाकरी झाकून बसलेली! धाकटा वीरेशही शेवटी ट्रॅक्टरवरच गेला. दुसरं कोण काम देतंय? त्याचा नंबर अडुसष्ट. "अडुसष्ट काट्यावर" असं ऐकू आलं की अप्पा डोळे मिटायचे आणि शांतादेवी तवा चुलीवर ठेवायची.

अँटेना घरातच, तुळईला टांगलेली. बाहेर लावली तर थर्मल वीजकेंद्राची राख सांधे खाऊन टाकते, आणि कारखान्याच्या माणसाने पाहिलं तर निराळीच कटकट. तरी एका सकाळी केबलच्या टोकाचा जॅक तुटून हातात आला.

"नर आन," अप्पा म्हणाले. "सेटला मादी हाय, केबलला नर लागतो. जाड, आट्यांचा. दुकानात नुसतं नर म्हन, त्याला कळतंय."

आता काय सांगावं! जिने उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव चारचौघांत घेतलं नाही, तिने भर बाजारात "नर द्या" म्हणायचं?

परळीत तेव्हा घरोघर केबल टीव्हीचं वारं शिरलं होतं. दुकानात बाप्यांची ही गर्दी. दुकानदाराने सरळच विचारलं, "काकू, नर देऊ का मादी?" त्याच्या लेखी तो रोजचा शब्द. पण बाकावरचा एक जण खिदळला, "काकूला काय इचारतो बे!" आणि सगळे फिदीफिदी हसले. मेल्यांनो, स्वतःच्या आईला असं हसला असता का? शांतादेवीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. तिने पदर ओढला आणि काचेखाली जो चकचकीत तुकडा दिसला त्याच्याकडे बोट केलं. "त्ये द्या."

घरी अप्पांनी पुडी सोडली आणि कपाळावर हात मारला. "आगं, ही मादी हाय! मादीला मादी बसंल का? कावून इचारलं न्हाईस?"

त्या दुकानाची पायरी आज पुन्हा चढणं तिच्याने होणार नव्हतं. "उद्या बदलून आनते," एवढंच म्हणाली. अप्पांनी केबल सोलली, आतली तार सेटच्या भोकात खुपसली आणि आगकाडीची पाचर मारली. सेट बोलू लागला, पण खरखर इतकी की निम्मे शब्द गिळले जात.

दुपार कलल्यावर त्या खरखरीतून आवाज आला, "...उसष्ट पलटी... नाल्याचा उतार... घरी कळवा..."

अप्पा अर्धे उठून बसले. "अडुसष्ट म्हनला का?"

"न्हाई," शांतादेवी ताडकन म्हणाली. "सदुसष्ट. मी ऐकलं की!"

तिने ऐकलं नव्हतं. आकड्याचं तोंडच सेटने खाल्लं होतं, ते तिने आपल्या मनाचं लावलं. सदुसष्ट म्हणजे शेजारच्या वनमालाचा सुरज. वैजनाथा, माझा वाचला! असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिला स्वतःचीच शिसारी आली. अप्पा पाचर हलवून पाहत राहिले, नुसती खरखर.

झाकलेल्या भाकरीपाशी बसणं काय असतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक! ती तडक शेजारी गेली आणि वनमालाचे हात धरून सांगून टाकलं. वनमालाने हंबरडा फोडला. आळीतल्या बायका जमल्या. शांतादेवीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, "रड बाई, रड," म्हणत पाठीवरून हात फिरवत राहिली. तिथून उठून घरी जायचं तिला सुचलंच नाही.

उन्हं उतरली तेव्हा दारात ट्रॅक्टर थांबला. बॉनेटवर पांढऱ्या रंगात सदुसष्ट. सुरज धडधाकट खाली उतरला. वनमाला धावली, त्याचं तोंड, हात, छाती चाचपून पाहू लागली. त्याचं आईकडे लक्षच नव्हतं.

"काकू, तुमी हितं?" तो म्हणाला. "कवापासून वायरलेसवर सांगायलेत. नाला कुठं लांब हाय? मला वाटलं, अप्पांनी ऐकलं आसंल, तुमी येतालच."

शांतादेवी बसल्या जागेवरून हलली नाही.

"वीरेश लई येळ शुद्धीवर होता, काकू. आई कुठं हाय, आई कुठं हाय, एकच. शेवटी मीच खोटं बोललो. म्हनलं, निघालीय, आलीच बघ."