एक नंबर दादाचा

इच्छापूरजवळ केळीच्या ट्रकांमागे आमची बस अडकली होती, तेव्हा मंजूचा फोन आला. "काका, आता घाई नका करू. आरामात या." पुतणीच्या आवाजावरूनच कळलं, दादा गेला होता. तिथून बुऱ्हाणपूरपर्यंतचा रस्ता कसा सरला, आठवत नाही. या गोष्टीला आता दीड महिना होतोय...

वडील लवकर गेले. भास्करदादाने कापडाचा लूम चालवून मला वाढवलं, शिकवलं, आणि शिकून मी लूमवरच येणार असं धरून चालला. मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून जळगावला नोकरी धरली. त्यावरून आमचं असं वाजलं की दोन वर्षं बोलणं बंद. दिवाळीला घरी जायचो, शेजारी शेजारी जेवायला बसायचो आणि दादा वहिनीला म्हणायचा, "त्याला विचार, पोळी पाहिजे का." मीही काही कमी नव्हतो. "सांगा त्यांना, पोट भरलं." बिचारी वहिनी दोघांचं टपाल वाहायची.

त्यातल्याच एका दिवाळीत मंजूने हट्ट धरला. तिच्या अभ्यासासाठी दादाने जुना कॉम्प्युटर घेतला होता, माझ्याकडे ऑफिसचा लॅपटॉप. दोन्ही जोडून तिला माझ्याशी गाड्यांची शर्यत खेळायची होती. घरात इंटरनेट नव्हतं, पण तेवढ्यासाठी ते लागतही नाही. मध्ये एक केबल पुरते. मी केबल आणि टोकांचे प्लग आणले. आत आठ बारीक रंगीत तारा, ठरल्या क्रमाने एका ओळीत बसवायच्या. माझ्या हातून काही बसेनात. दारातून बघणाऱ्या दादाला राहवलं नाही. आयुष्यभर तुटलेले धागे सांधलेला माणूस तो! न बोलता केबल ओढून घेतली, माझ्या कागदावरचा क्रम पाहिला आणि तारा अशा बसवल्या की बघत राहावं. दोन्ही टोकं हुबेहूब सारखी. तरी कॉम्प्युटर एकमेकांना ओळखेनात.

चूक माझी होती. एक गोष्ट सांगायची राहिली होती, कारण सांगायचं तर बोलावं लागलं असतं. शेवटी तोंड उघडलंच. "दादा, एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल करावी लागेल."

"धागा क्रॉस? अरे, ते तर ऐब आहे. असा ताणा लावला तर पूर्ण कपडा खराब होऊन जाईल."

"इथे तसंच लागतं. इकडची बोलायची तार तिकडच्या ऐकायच्या तारेला गेली पाहिजे. सरळ जोडलं तर दोघं एकाच तारेवर बोलत राहतात. ऐकणार कोण?"

दादा हातातल्या तारांकडे बघत राहिला... मग हसायलाच लागला. "मंग दोन साल आपलं बी हेच चालू होतं ना रे!"

वहिनी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आली.

दादाने टोक कापून तारा बदलल्या आणि ओळखीसाठी तिथे लाल धागा बांधला. एकमेकांना ओळखायला दोन्ही कॉम्प्युटरांना नंबर द्यायचे होते, एकाच्या नंबराच्या शेवटी एक, दुसऱ्याच्या शेवटी दोन. "मोठा मी आहे," दादा म्हणाला, "एक माझा." मंजूला बाजूला सारून पहिली शर्यत तोच खेळला आणि पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घातली.

लूम सोडल्याचं त्याने कधी माफ केलं की नाही, मला माहीत नाही. पण त्यानंतर दर दिवाळीआधी त्याचा फोन यायचा, "वायर काढून ठेवली आहे." 'ये' असं तो कधी म्हणाला नाही. ज्याने मला वाढवलं, तो मला असा दुसऱ्यांदा मिळाला, आणि पुढची सगळी वर्षं मिळत राहिला. याहून जास्त काय मागायचं?

तेराव्यानंतर मंजूने ती केबल माझ्या पिशवीत घातली. हल्लीच्या कॉम्प्युटरांना तारांची अदलाबदल लागत नाही, ते आपलं आपण समजून घेतात. तरी परवा ती जळगावला आली, तेव्हा आम्ही लाल धाग्याचीच केबल जोडली. नंबर द्यायची वेळ आली.

"काका, आता घरात मोठे तुम्हीच. एक तुम्ही घ्या."

मी दोन घातला. मंजूने माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या कॉम्प्युटरला तीन घातला.